अंगणातली रेल्वे: काळी माती, ३२ मिमी रूळ आणि पावसाळा

नेरळ_लोकल

घरामागे छोटी, चालती रेल्वे (प्रतिकृती) करायची आहे. जागा ९ मी. बाय ५ मी. माती काळी. लांबीच्या अंगाला साधारण २० सेंमी उतार. एका कोपऱ्यात रायवळ आंबा. विषय नेरळ-माथेरान. एक बंद फेरा, एक पासिंग लूप (दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील असा दुहेरी तुकडा), एक सायडिंग (गाडी उभी करायचा बाजूचा रूळ), बस्स.

दिवाळीनंतर खणायला घ्यायचं आहे. तीन गोष्टींवर मतं हवीत:
१. गेज (दोन रुळांमधलं अंतर) ३२ मिमी की ४५?
२. रुळाखाली काँक्रीट की नुसती खडी?
३. वीज रुळातून की इंजिनात बॅटरी?

शोधलं की इंग्लंड-जर्मनीचीच माहिती सापडते. आपलं ऊन-पाऊस धरून कोणी सांगेल का?

---

मीटरगेज_मामा

गेज आधी ठरवा, बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

बाजारात 'जी' (बागेतल्या गाड्यांचं माप) म्हणून विकलं जाणारं बहुतेक सगळं ४५ मिमी रुळावर चालतं, पण प्रमाण १:२०.३ पासून १:३२ पर्यंत काहीही असतं. एलजीबी या जर्मन ब्रँडने १९६८ मध्ये न्यूरेंबर्गहून सुरुवात केली ती १:२२.५ ने, कारण ४५ × २२.५ म्हणजे जवळजवळ एक मीटर. तिकडच्या डोंगरी मीटरगेज गाड्यांसाठी ते अचूक बसतं. आपल्या मीटरगेजलाही बसतं, पण आपला मीटरगेजचा बोगी डबा साडेएकोणीस मीटरचा, १:२२.५ मध्ये एकेक डबा ८७ सेंमीचा होतो. तो ६० सेंमी त्रिज्येच्या वळणावर घातलात तर डब्याची टोकं रुळाबाहेर लोंबतात आणि कपलिंग शेजारच्या डब्याला ओढून पाडतं. त्याला २ मीटर तरी त्रिज्या द्या. तुमच्या ५ मीटर रुंदीत दोन्ही बाजूंना चालायलाही जागा उरणार नाही.

ब्रॉडगेजचा तर विचारच नको. १६७६ मिमीला १:३२ ने भागलं की ५२ मिमीच्या वर जातं. ४५ वर डब्ल्यूडीएम (ब्रॉडगेजचं डिझेल इंजिन) उभं केलं की ते पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं.

माथेरानचं गेज ६१० मिमी. १९ ने भागा: ३२ मिमी. इंग्लंडात दोन फुटी गाड्यांसाठी हेच प्रमाण रुळलेलं आहे, त्यामुळे ३२ मिमीचे रूळ, पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे), चाकं तयार मिळतात. डबे आखूड, वळणं अवघड, वेग कमी. लहान बागेला याहून चांगला विषय नाही.

तुमचं माप: फेरा ८ मी. × ३ मी., टोकाच्या वळणांची त्रिज्या १.५ मी. म्हणजे दोन सरळ बाजू ५-५ मीटरच्या, एकूण रूळ १९.४ मी. खरी गाडी ताशी १२ किमीने चालली असं धरलं तर १:१९ मध्ये सेकंदाला साडेसतरा सेंमी. एका फेऱ्याला दोन मिनिटांना थोडं कमी. बघायला पुरेसं.

---

जांभा_दगड

३२ ला +१.

काँक्रीटच करा. ९ इंची पट्टा, ३ इंच जाड, वर रूळ, विषय संपला. कोकणात एवढा पाऊस पडतो, नुसती ग्रिट (बारीक खडी) जूनमध्येच शेजाऱ्याच्या अंगणात जाते.

---

खडीवाला

जांभा_दगड, तुमच्याकडे ते चालतं कारण खाली जांभा आहे. तो फुगत नाही, पाणीही खाली जाऊ देतो. काळ्या मातीवर ३ इंची पट्टा पहिल्या मे महिन्यातच तडकेल. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. वर्षभरात जमीन उचलते आणि खचते, तीही सगळीकडे सारखी नाही. पट्टा तुटला की कडा वर-खाली होतात आणि रुळाला बरोबर तिथेच पिरगळा बसतो. खडीवरचा रूळ हलला तर खडी सरकवून पुन्हा पातळीत घेता येतो, काँक्रीट मात्र फोडावंच लागतं.

काळ्या मातीत मी असं सुचवेन:

चर ३० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. तळाला आणि बाजूंना जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड). ते नसेल तर काळी माती दोन पावसाळ्यांत खडीत शिरून चिखल करते. त्यावर २० सेंमी मुरूम, एकदम नाही. दहा-दहा सेंमीचे थर, किंचित पाणी मारून धुम्मस. त्यावर १० सेंमी २० एमएमची खडी. जमिनीच्या वर ५ सेंमी ६ एमएमची ग्रिट, धुतलेली, भुकटी काढलेली. क्रश सँड वापरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि तिच्यात गवत छान उगवतं. तुम्हाला ते नकोय.

२० मीटरच्या फेऱ्याला माल: मुरूम दाबून १.२ घनमीटर लागतो, सैल आणताना पाव भाग जास्त धरा, म्हणजे साधारण अर्धा ब्रास. खडी २१ घनफूट. ग्रिट १५ सेंमी रुंदीला सव्वापाच घनफूट, पण दहा मागवा. पहिली दोन वर्षं भर घालत राहावी लागते.

आता खरी मेख. मुरमाने भरलेला चर काळ्या मातीत म्हणजे हौद. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि तिथेच थांबतं. म्हणून चराचा तळ जमिनीच्या उताराबरोबर ठेवा आणि सखल टोकाला बाहेर जायला वाट द्या: ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप, तोंडाला जाळी. रूळ मात्र पूर्ण फेऱ्यात सपाट ठेवा. म्हणजे सखल टोकाला रूळ जमिनीपासून २५ सेंमी वर येईल. तिथे दोन्ही बाजूंना दगडाची कोरडी बांधणी करून मध्ये खडी भरा. हा भराव घाटातल्या बांधासारखा दिसतोही छान.

पातळीसाठी लेसर असेल तर उत्तम, नाहीतर गवंड्याची पाण्याची नळी. दर मीटरला खुंटी ठोका, सगळ्या खुंट्यांची डोकी एका पातळीत घ्या आणि मगच भराव. खुंट्या मुरमात ठोकू नका, चराबाहेर ठोका, नाहीतर धुम्मस करताना त्या खाली जातात आणि सगळी पातळी गेली.

आंब्यापासून दोन-अडीच मीटर लांब राहा. मुळांचा प्रश्न आहेच, पण झाड त्या भागातलं पाणी ओढतं, तिथली माती जास्त आकसते आणि फेऱ्याचा तेवढाच भाग खचतो.

---

न्यूरेंबर्गकर

खडीवाला यांनी लिहिलंय त्यात एक भर. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, पुस्तकांत खोल चर खणायला सांगतात तो गोठणाऱ्या जमिनीसाठी. मातीतलं पाणी गोठून जमीन उचलली जाते. महाराष्ट्रात हिम नाही म्हणून तो सल्ला सोडून देऊ नका. काळी माती तेच काम दुसऱ्या कारणाने करते. उलट कोकण-गोव्यात, जांभ्यावर, अर्ध्या खोलीत भागतं.

दुसरं, इथे ऊन सौम्य असल्याने जोडांतल्या फटीबद्दल कोणी फार बोलत नाही. तुमच्याकडे तोच मोठा विषय आहे.

---

रूळजोड

हो, फटीवर बोलू.

पितळ अंशाला मीटरमागे साधारण १९ मायक्रॉन वाढतं, निकेल-सिल्व्हर हा मिश्रधातू १६-१७. डिसेंबरच्या पहाटे रूळ १० अंशांवर असेल, मेच्या दुपारी ६० वर. ५ मीटर सरळ पितळी रूळ या ५० अंशांत पावणेपाच मिलिमीटर वाढतो. जागा दिली नाही तर तो बाजूला वाकतो, तेही एकाच ठिकाणी आणि खिळ्यासकट.

३२ मिमीचा तयार लवचीक रूळ एका यार्डाच्या, म्हणजे ९१४ मिमीच्या तुकड्यांत येतो, निकेल-सिल्व्हरचा. २० अंशांना टाकला आणि ६० पर्यंत जाणार असेल तर प्रत्येक जोडाला ०.६ मिमी फट पुरते. दोन व्हिजिटिंग कार्डं मध्ये धरा, रूळ भिडवा, कार्डं काढा. दीड मीटरचा पितळी तुकडा असेल तर त्याच हिशेबाने १.१ मिमी, म्हणजे चार कार्डं. दुपारी रूळ ५५ अंशांवर असताना टाकलात तर फट जवळपास शून्य ठेवा, नाहीतर जानेवारीत जॉइनरमधून (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीतून) रूळ निसटतील. सोपा मार्ग, सकाळी आठच्या आत टाका.

तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजत असाल तर चकचकीत धातूवर तो साफ खोटं सांगतो. रुळाला काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर मोजा.

वळणाला जरा कमी काळजी, कारण वळण थोडं बाहेर फुगून वाढ पचवतं. त्यासाठी वळणावर स्लीपर खाली पक्के करू नका. फेऱ्यात एकूण चार-पाच ठिकाणी, सरळ बाजूच्या मधोमध आणि पॉइंटजवळ, रूळ अडकवा. बाकी ग्रिटमध्ये तरंगू द्या.

ग्रिट वाहून जाऊ नये म्हणून तिच्यात सिमेंट मिसळायचा सल्ला मिळेल, दहाला एक, कोरडं पसरून वर झारीने पाणी. फक्त भरावाच्या उतारावर करा. स्लीपरभोवती केलंत तर रूळ जखडतो आणि वरचा सगळा हिशेब वाया.

आणि पहिलं वर्ष कुठेही कायमचा खिळा नको. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, जमीन कुठे बसते ते दिसेल, मग शेवटची ग्रिट भरा.

---

कोथरूडकर

वाचनखूण साठवली. एक शंका: घरातले एचओचे (१:८७ च्या छोट्या गाड्यांचे) रूळ पडून आहेत. छोटा फेरा त्याच भरावावर बाहेर टाकला तर?

---

मीटरगेज_मामा

नका टाकू. एचओचा रूळ १६.५ मिमीचा, ६ एमएमचा एक खडा म्हणजे त्याच्या गेजची एक तृतीयांश रुंदी. एक मुंगी आडवी आली तरी गाडी थांबते. तुमच्या कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलंत ना? १:८७ चं सौंदर्य छपराखालीच.

---

सोल्डर_ताई

तिसरा प्रश्न कोणी घेतला नाही, मी घेते.

रुळातून वीज द्यायची तर ० ते २४ व्होल्ट डीसी, ५ अँपिअर. नुसत्या जॉइनरवर विसंबू नका. पहिल्या पावसाळ्यानंतर जॉइनरच्या आत हिरवा थर येतो आणि लांबच्या टोकाला इंजिन मंदावतं. प्रत्येक जोडावर लवचीक तारेचा तुकडा सोल्डर करा, सरळ ताणून नाही, थोडा बाक देऊन, नाहीतर रूळ आकसताना तोच तुटतो. शिवाय दर ५-६ मीटरला मुख्य तारेतून जोडणी. मुख्य तार घरगुती २.५ चौ. मिमीची. २३० व्होल्टचं काहीही बागेत आणू नका. ट्रान्सफॉर्मर घरात, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). बाहेर फक्त २४ व्होल्ट.

एवढं करूनही रोज गाडी सोडण्याआधी रूळ पुसावा लागतो. तुमच्याकडे आंबा आहे म्हणून मुद्दाम सांगते. मोहोरावर तुडतुडे आले की चिकटा गळतो. तो रुळावर पातळ वार्निशसारखा बसतो, त्यावर धूळ, आणि वीज बंद. पावसाळ्यात शंखी गोगलगाय रुळावरून गेली की तोच प्रकार. हिरव्या स्क्रबरचा तुकडा लाकडी पट्टीला लावून घासा. चिकटा असेल तर आधी आयसोप्रोपिल. लोखंडी काथ्या वापरू नका; त्याचे कण मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर जाते.

म्हणून माझं मत सरळ बॅटरीला. १९ मीटरच्या फेऱ्यासाठी एवढी तारांची उस्तवार कशाला?

लहान डिझेल इंजिनाच्या प्रतिकृतीला: १८६५० मापाचे चार लिथियम सेल एकापुढे एक, १४.८ व्होल्ट, ३००० एमएएच. सपाट फेऱ्यावर एका मोटरचं इंजिन तीन-चार डब्यांसकट ०.८ अँपिअरच्या आसपास घेतं, म्हणजे तीन तासांहून थोडं जास्त. बॅलन्स करणारं बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) हवंच. बॅटरीच्या धन टोकाला चिकटून ३ अँपिअरचा फ्यूज. लांब लावलात तर मधली तार घासून शॉर्ट झाली की फ्यूजचा काही उपयोग नाही. ब्रश मोटरसाठीचा ईएससी (वेग-नियंत्रक) आणि २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर.

आता हमखास होणारी चूक. रुळावरून वीज घेणारं तयार इंजिन बॅटरीवर बदलताना चाकांचे ब्रश मोटरला तसेच जोडलेले राहतात. बॅटरी मग मोटरसोबत रुळालाही वीज देते. सरळ फेऱ्यावर काही कळत नाही. पॉइंटच्या फ्रॉगवर (दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे) गेलं की शॉर्ट, आणि लोक ईएससीला शिव्या घालतात. ब्रश कापा, तार काढा, मल्टिमीटरने दोन्ही चाकं आणि बॅटरी यांच्यात काहीही जोडणी नाही याची खात्री करा.

उन्हातून आलेलं इंजिन लगेच चार्जिंगला लावू नका. सेल ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करायचे नसतात, आणि बंद बॉडीत ते सहज ५० च्या वर जातात. बॅटरी बाहेर काढता येईल अशी बसवा, घरात गार होऊ द्या, मग चार्ज.

---

जांभा_दगड

बॅटरीला सहमत. काँक्रीटचं मात्र आमच्यापुरतं खरं, एवढं म्हणून थांबतो :)

---

वाफाळ

बॅटरी घ्या, पण माथेरान करताय आणि वाफ नाही म्हणजे काय! मूळची इंजिनं ऑरेनस्टाइन अँड कोपेलची ०-६-० (सहा जोडलेली चाकं), क्लीन-लिंडनर आसांची: पुढची-मागची चाकं पोकळ आसावर, वळणावर आडवी सरकणारी. प्रतिकृतीत हा खटाटोप लागत नाही. गॅसवर चालणारी बहुतेक लहान इंजिनं ७५ सेंमी त्रिज्येवर फिरतात, तुमची दीड मीटर म्हणजे चैन.

चढ मात्र नक्कल करू नका. मूळ मार्गावर २० ला १ आहे. बागेत वाफेला ५० ला १ च्या वर नको. रेडिओ-नियंत्रण नसेल तर पूर्ण सपाटच. चढाला रेग्युलेटर (वाफेची झडप) उघडून सोडलेलं इंजिन उताराला पळतं आणि वळणावर आडवं होतं. खडीवाला रूळ सपाट ठेवायला का सांगतायत ते तेव्हा कळतं.

इंजिन पेटवायचा क्रम असा: लुब्रिकेटरमधलं (सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीतलं) जुनं पाणी काढून स्टीम ऑइल भरा (इंजिन ऑइल नाही, ते वाफेत धुऊन जातं). मग बॉयलरला मोजून पाणी. मग गॅस. गॅस भरताना दहा फुटांत दुसरं पेटलेलं इंजिन नको. मग पेटवा, आवाज स्थिर झाला की वाफ धरेपर्यंत हात लावू नका. पहिल्या फेऱ्यात सिलिंडरमधलं साचलेलं पाणी चिमणीतून उडतं, तेव्हा इंजिन हाताने पुढे-मागे ढकलून ते काढा. एकदम रेग्युलेटर उघडू नका.

पाणी: बोअरचं कदापि नको, क्षाराचा थर बसतो. आरओचंही पूर्ण क्षारमुक्त नसतं. इन्व्हर्टरसाठी मिळणारं डीएम (क्षार काढलेलं) पाणी काही उत्पादक बॉयलरला वर्ज्य सांगतात, तेव्हा इंजिनासोबतचं पुस्तक वाचा. डिस्टिल्ड चालतं. आणि आपल्याकडे फुकटचं उत्तम पाणी चार महिने पडत असतं: जुलैत, दोन-चार सरी होऊन गेल्यावर, मोकळ्यावर स्टीलचं पातेलं ठेवा. पत्र्यावरून किंवा पन्हाळीतून आलेलं नको.

गॅस: शुद्ध ब्युटेन किंवा आयसोब्युटेन. प्रोपेन मिसळलेला डबा थंड देशांसाठी असतो, तिथे नुसता ब्युटेन उडतच नाही. इथे ४० अंशांत ब्युटेनचाच दाब पुरेसा असतो. प्रोपेनचा त्याच्या तिप्पट-चौपट. इंजिनातली टाकी त्यासाठी बनवलेली नसते. घरच्या सिलिंडरमधून भरायचा उद्योग कोणीही करू नये, त्यात प्रोपेन असतोच.

गॅस पाण्याच्या आधी संपावा असा टाक्यांचा हिशेब असतो. गॅस संपला म्हणून लगेच पुन्हा भरून पेटवलंत तर बॉयलर कोरडा पडतो. आधी पाणी, मग गॅस, प्रत्येक वेळी. जेट (बर्नरला गॅस देणारी बारीक तोटी) तुंबला तर सुई घालू नका, भोक मोठं होतं. काढून उलट बाजूने गॅसचा फवारा मारा.

---

नेरळ_लोकल

दंडवत सगळ्यांना. ३२ मिमी, खडी, बॅटरी ठरलं. वाफेचं इंजिन पुढच्या वर्षी. अजून दोन प्रश्न: गाडी पडते तेव्हा दोष रुळाचा की डब्याचा, हे कसं ओळखायचं? आणि पासिंग लूपच्या पॉइंटला मोटर लावू की हातानेच?

---

रूळजोड

एकाच जागी वेगवेगळे डबे पडतात, तर रूळ. एकच डबा वेगवेगळ्या जागी पडतो, तर डबा.

रुळाचं: आडवी पाणसळ ठेवून दर ३० सेंमीला बघा. उतार आहे यापेक्षा तो अचानक बदलतो का, हे महत्त्वाचं. आखूड अंतरात एक रूळ ३ मिमी खाली गेला की चार चाकांपैकी एक हवेत राहतं. उलटसुलट वळण असेल तर मध्ये तुमच्या सर्वांत लांब डब्याएवढा सरळ तुकडा घाला.

डब्याचं: चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा. ३२ मिमीला २८ हवं, ४५ ला ४०. स्वस्त प्लास्टिक चाकं उन्हात आसावरून सरकतात. धातूची लावा, वजनही खाली येतं.

---

खडीवाला

पॉइंट हातानेच. एवढ्या फेऱ्यात चालत जाऊन बदलायला काय जातं? मोटर बाहेर ठेवायची तर जूनच्या आधी काढून घरात न्यायची, आणि काढली नाही तर आत लाल मुंग्या वारूळ करतात.

पॉइंटखाली ग्रिट भरू नका. त्या जागी सपाट फरशीचा तुकडा किंवा ६ मिमी सिमेंट शीट ठेवा, खाली खडी तशीच. सरकणाऱ्या जिभेच्या दोन स्लीपरांमध्ये ग्रिट अजिबात नको. एक खडा अडकला की जीभ अर्धी उघडी राहते आणि पुढची चाकं एका रुळावर, मागची दुसऱ्या. गाडी सोडण्याआधी जुन्या रंगाच्या ब्रशने झटका.

आणि सायडिंगचा पॉइंट भरावाच्या टोकावर ठेवू नका. तिथेच माती सर्वांत जास्त बसणार आहे.